एक तांब्या पाणी प्यायला काय होतं?

जगात सगळ्यात सोपा सल्ला कुठला असेल तर तो "पाणी भरपूर पीत जा" हा. सांगणाऱ्याचं काही जात नाही आणि ऐकणाऱ्याला मान हलवायला काही लागत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर तेच, मोबाइलवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट तेच, आणि बसमध्ये शेजारी बसलेली कोण कुठली बाईसुद्धा तेच सांगते. मला हा सल्ला कुणी दिला की डोक्यात तिडीक जाते. वाटतं, म्हणावं, बाई गं, तू ये आमच्या घरी, माझ्या सासूला एक तांब्या पाणी पाजून दाखव, मग बोल.

सासूला मी आत्या म्हणते. नात्यानं त्या माझ्या आत्या नव्हेत, पण आमच्याकडं सासूला आत्याच म्हणायची रीत आहे. सोयगावकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म गेला. सासरे वारले, शेत दिराकडं गेलं आणि माझ्या नवऱ्यानं त्यांना इकडं औरंगाबादला आणलं. आता संभाजीनगर म्हणायचं, पण माझ्या जिभेवर दोन्ही नावं येतात. घर जुन्या वस्तीत. खाली आम्ही, वर वाळूजच्या कंपन्यांत जाणारे भाडेकरू, मधे फरशीचं अंगण आणि जिन्याखाली संडास. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मशीन अंगणाच्या दाराशी, कारण उजेड तिथंच. गिऱ्हाइकं येतात, उंबऱ्यावर टेकतात, गप्पा हाणतात, माप देऊन जातात.

आता खरं सांगते, बाकी सगळ्या चांगल्या सवयी या बाईला उपजतच होत्या. पहाटे कोंबड्याच्या आधी उठणार. अंगण झाडून, अंघोळ करून, मारुतीच्या देवळापर्यंत पायी जाऊन येणार. जेवण भाकरी आणि पालेभाजी, तेही दिवेलागणीला उरकून मोकळ्या. गोड नको, तळलेलं नको, दुपारची झोप नको. हात धुतल्याशिवाय परातीला शिवायच्या नाहीत. मी आठ वाजता डोळे चोळत उठायची तेव्हा त्या निवडलेली मेथी घेऊन बसलेल्या असायच्या आणि माझ्याकडं अशा बघायच्या की मलाच दवाखान्यात भरती करायला हवं. पण पाणी म्हणाल तर जेवल्यावर अर्ध फुलपात्र. त्यातलंही थोडं चूळ भरायला.

एके दिवशी दुपारी ज्वारी पाखडता पाखडता आत्या एकदम वाकल्या. सूप बाजूला, ज्वारी सगळी अंगणभर. कमरेतून कळ निघून पोटात जात होती आणि तोंडातून आवाज काढायचा नाही म्हणून त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला होता. रिक्षानं नेलं. मुतखडे निघाले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला फटकळ. सोनोग्राफीचा कागद माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "उजवी किडनी आकसून गेलीय. ती कामातून गेलीच समजा. डावीवर सगळं चाललंय. तिच्यातही खडे आहेत. गोळ्या देते, पण खरं औषध पाणी आहे. तासातासाला. ही डावी गेली तर जन्मभर डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायला यावं लागेल, हे लक्षात ठेवा."

मी तो कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. आत्या मात्र शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी मान हलवत होत्या. "व्हय बाई, पिते की." डॉक्टरीणबाईंनी तिथंच गिलास भरून पुढं केला. आत्यांनी दोन्ही हातांनी परत सरकवला. "घरी जाऊन पिते."

घरी येऊन प्यायल्या होय! मी मशीनशेजारी त्यांचं पोतं अंथरलं, शेजारी तांब्या-फुलपात्र ठेवलं आणि राखण सुरू केली. काज करता करता एक डोळा तांब्यावर. "आत्या, पाणी." "पिते." "आत्या, प्यायलात का?" "आत्ता तर पिलं." "कधी? मी इथंच बसलेय की." "तू दोरा ओवत होतीस तवा." मग मी तांब्या उचलून बघायची, तर खरंच रिकामा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. गल्लीभर सांगत सुटले की आमच्या आत्या सुधारल्या.

पण पुढच्या आठवड्यात लक्षात आलं की अंगणातल्या कुंडीतला कढीपत्ता नको इतका माजलाय. भर उन्हाळ्यात नवी पालवी, हातभर उंच. आजूबाजूच्या बायका फोडणीला पानं न्यायला यायला लागल्या. मी एका दुपारी कात्री घ्यायच्या निमित्तानं आत गेले आणि दाराच्या फटीतून बघितलं. आत्यांनी इकडं तिकडं बघितलं, तांब्या उचलला आणि सगळा कुंडीत रिचवला. वरून पदरानं ओठ पुसले! मी कपाळावर हात मारला. कढीपत्त्याची तब्येत ठणठणीत होती आणि बाईच्या पायांवर सूज चढत होती.

"आत्या, हे काय चाललंय?" मी ओरडलेच. "झाडालाबी जीव असतो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला नसतो का? एक तांब्या पाणी प्यायला काय होतं हो तुम्हाला?" त्यांनी मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडत बसल्या. त्यांना बोलायचं नसलं की त्या काहीतरी निवडायला घ्यायच्या.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो वाळूजला शिफ्टमध्ये. घरी आला की बूट काढतानाच त्याचे डोळे मिटायला लागायचे. मी सांगितलं तर म्हणाला, "अगं, म्हातारं माणूस आहे, राहू दे. जबरदस्ती करून काय होणार?" मी म्हटलं, "राहू दे काय राहू दे? उद्या मशीनला जोडून घ्यायला कोण घेऊन जाणार, तुमची कंपनी?" तो गुमान जेवला आणि झोपला. त्याचं बरं होतं. आईवर प्रेम करायचं काम त्याचं आणि आईशी भांडायचं काम माझं.

मग माझ्या डोक्यात आलं की हा सगळा घोळ नळाचा आहे. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्या-आठवड्याला. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घरात लग्नाची गडबड. ड्रम, टाकी, घागरी, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. आत्या त्या दिवशी कंबर कसून उभ्या. भरलेल्या ड्रमवर धुतलेलं फडकं बांधायच्या आणि त्याला कुणी हात लावला तर अंगावर यायच्या. मी म्हटलं, हेच ते. बाई पाणी वाचवते. घरातलं पाणी पुरावं म्हणून स्वतः तहानलेली राहते. मला त्यांची दयाही आली आणि चीडही. नवऱ्याच्या मागं लागून अंगणात मोठी काळी टाकी बसवली. आत्यांना टाकीसमोर उभं करून सांगितलं, "बघा, इतकं पाणी आहे आता. पोहायचं का? मनसोक्त प्या."

आत्यांनी टाकीला हात लावून बघितला. "चांगली हाय," म्हणाल्या. आणि त्या दिवशीही अर्धंच फुलपात्र.

शेजारच्या भाभी भिंतीवरून बघत होत्या. त्यांचे मियाँ घड्याळं दुरुस्त करायचे. आमची रोज भिंतीवरूनच देवाणघेवाण. त्या म्हणाल्या, "अम्मा पानी नै पीते क्या? हमारी सास भी नै पीते थे. कित्ता बोलो, सुनतेच नै." मी विचारलं, का नव्हत्या पीत? भाभींनी खांदे उडवले. "किन्ने पूछा?" आणि त्या दूध उतू जातंय म्हणून आत पळाल्या. मीही पुढं काही विचार केला नाही. मला वाटलं, हा जुन्या बायांचा हट्ट, दुसरं काय.

मे महिन्यात सोयगावला दिराच्या मुलीचं लग्न आलं. मी आदल्या दिवसापासून आत्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. उन्हाचं जायचंय, पाणी प्या, बाटली सोबत घ्या. त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही, हे मला नंतर कळलं. एसटीत माझ्या शेजारी बसल्या, बाटली मांडीवर धरून. मी डुलकी काढून उठले की बाटलीकडं बघायची. पाणी तेवढंच. "आत्या!" "उतरल्यावर पिते गं. पोटात हलतं पाणी." सिल्लोडला गाडी थांबली, मी उतरून रसवंतीवरून उसाचा रस आणला. त्यांनी ओठ लावून परत दिला. लग्नघरी तर विचारूच नका. माणसांचा बाजार, मांडव, भोंगा, आणि आत्या आहेराच्या साड्या मोजत दिवसभर एका जागी. मी वाढप करत होते. पाण्याचा जग घेऊन त्यांच्यासमोरून कितीदा गेले असेन. दर वेळी पदर तोंडाला लावून नकार.

परतीच्या बसमध्ये थंडी वाजायला लागली. मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, ती बाई थडथड उडत होती. अंग असं तापलेलं की माझा हात पोळला. मी कंडक्टरला ओरडून सांगितलं, कुणीतरी खिडकीकडची जागा दिली, कुणीतरी ओला रुमाल दिला. आणि एका शहाण्यानं मागून सल्लाही दिला, "पाणी पाजा त्यांना." मी वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

सरळ दवाखान्यात नेलं. डाव्या बाजूला खडा अडकला होता आणि लघवीत जंतू झाले होते. सलाईन लावली, सुया टोचल्या. खडा पुढं सरकून ताप उतरायला बराच वेळ लागला. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. आत्यांना काही बोलल्या नाहीत, मला बाजूला घेऊन बोलल्या. "या वेळी वाचली ती किडनी. पुढच्या वेळी मी काही सांगू शकत नाही. तुम्ही घरात असता ना? एवढं साधं तुमच्याच्यानं होत नाही?"

एवढं साधं! तळपायाची आग मस्तकात गेली. पण डॉक्टरला काय बोलणार. मी वॉर्डात आले, आत्यांच्या खाटेशी स्टूल ओढलं आणि सगळा राग तिथं काढला. दुपारची वेळ होती, शेजारच्या खाटेवरच्या बाया कान टवकारून ऐकत होत्या, पण मला कुणाची पर्वा नव्हती.

"मरायचंय का तुम्हाला? सरळ सांगा. मी राखण करते, टाकी बसवते, भांडते, वाईट होते, सारी गल्ली म्हणते सून सासूच्या मागं हात धुऊन लागलीय. कशासाठी करते मी हे? काय दुखतं तुमचं पाणी प्यायला?"

आत्या छताकडं बघत होत्या. निवडायला हातात काही नव्हतं. मग त्यांनी मान माझ्याकडं वळवली आणि शेजारणींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलल्या.

"पाणी पिलं की जावं लागतं."

मला आधी कळलंच नाही. "कुठं जावं लागतं?"

"कुठं म्हंजे? परसाकडंला, लघवीला." त्यांनी पदर हनुवटीवर ओढला. "लगीन होऊन आले तवा घरात संडास कुठला? समद्या बाया अंधारात जायच्या, जोडीजोडीनं. एक बसली की दुसरी उभी राहायची. मला जोडीदारीण नव्हती. सासू नाय, जाऊ नाय, नणंदा लग्न होऊन गेलेल्या. एकटी कुठं जाणार? दिवसा रस्त्यानं गडीमाणसं. एकदा बसले आन् बैलगाडी आली, तशीच उठून पळाले. त्या दिसापून पाणीच तोडलं. पिलंच नाय तर जायचं कामच नाय. पहाटं एकदा, दिवस बुडल्यावर एकदा. तसंच अंगवळणी पडलं."

"अहो पण आत्या, आता घरात आहे ना संडास!"

"हाय की." आता त्यांच्या आवाजालाही धार आली. "जिन्याखाली हाय. आत नळ हाय, पर नळाला पाणी कुठंय? टाकीतून बादली भरून न्यायची. बादली घेऊन निघाले की तुझी गिऱ्हाइकं उंबऱ्यावर. वरचे गडी जिन्यावर बसून बूट घालतात. म्हातारी बादली घेऊन निघाली, समद्यांना ठावं कुठं चालली. एकदा जाईल माणूस, दोनदा जाईल. तू म्हणती तासातासाला पी. तासातासाला बादली घेऊन मिरवू व्हय साऱ्या दुनियेपुढं?"

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. जिन्याखाली संडास बांधणाऱ्यावर, आठवड्यानं येणाऱ्या नळावर, भिंतीवर "पाणी प्या" लिहून जाणाऱ्यांवर, कंपनीतून येऊन झोपणाऱ्या नवऱ्यावर. आणि त्या खाटेवरच्या बाईवर तर सगळ्यात जास्त. "तोंड होतं ना तुम्हाला? एका शब्दानं सांगायचं ना! गिऱ्हाइकं काय, मी मशीन आतल्या खोलीत नेली असती."

"असलं सांगतात व्हय सुनेला?" त्या म्हणाल्या.

किडनी गेली तरी चालेल पण असलं सांगायचं नाही. या बाईपुढं मी हात टेकले. तेवढ्यात नर्स आली, सलाईन काढली आणि जाता जाता म्हणाली, "मावशी, आता पाणी प्यायला सुरुवात करा हं, लघवी झाली पाहिजे." बोलायला काय जातंय तिचं. मी उठले, वॉर्डाच्या टोकाचा संडास बघून आले. लांबलचक वॉर्ड, दोन्हीकडं माणसं, आणि शेवटी एक दार. कडी तुटलेली. दार ढकललं की आपोआप उघडायचं. समोर बाकावर पेशंटचे नातेवाईक, पुरुषच सगळे, रांगेत बसलेले. मला तिथंच कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली.

परत येऊन आत्यांना म्हटलं, "चला."

"कुठं?"

"चला म्हणते ना. सकाळपासून तुम्ही एकदाही गेला नाहीत. मला काय कळत नाही?"

मी त्यांना दंडाला धरून नेलं. बाकावरच्या लोकांना म्हटलं, "दादा, जरा तिकडं तोंड करून बसा." एकजण काही बोलणार होता, पण माझं तोंड बघून वळला. आत्या आत गेल्या. मी दार ओढून घेतलं, कडीच्या जागी माझी बोटं अडकवली आणि पाठ लावून उभी राहिले. आतून आत्यांचा आवाज आला.

"हायेस का गं?"

"आहे. बसा निवांत."

थोड्या वेळानं परत. "गेली न्हाईस ना?"

"कुठं जाते आत्या? दार धरून उभी आहे."

मग आत पाण्याचा आवाज झाला. त्या बाहेर आल्या, हात धुतले, पदर डोक्यावर नीट घेतला. खाटेवर बसल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या आपण होऊन म्हणाल्या, "पाणी दे गं."

आणि बघते तर खाटेशेजारचा जग रिकामा! वॉर्डाच्या पाण्याच्या मशीनचा नळ सोडला तर नुसती फुसफुस. आयाला विचारलं तर म्हणते, "प्यायच्या पाण्याचा टँकर यायचाय." मी आयुष्यात इतकी कधी चिडले नसेन. टँकर येईपर्यंत या बाईचं मन फिरलं तर? चपला न घालताच जिना उतरले, रस्ता ओलांडला, तापलेल्या डांबरानं तळवे भाजले, आणि समोरच्या दुकानातून थंड बाटली घेऊन धावत वर आले.

आत्या खाटेच्या कडेला बसून दाराकडं बघत होत्या. मी झाकण काढून दिलं. त्यांनी बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा अर्धी संपवली. मग थांबल्या. बाटली माझ्या हातात परत दिली आणि वॉर्डाच्या टोकाच्या त्या दाराकडं बघितलं, बाकावरच्या माणसांकडं बघितलं.

"येशील ना परत माझ्यासंगं?"

"येईन. म्हणाल तितक्यांदा येईन."

"मग आण इकडं उरलेलं," आत्या म्हणाल्या.